बटणापायी

बारावीला अमरावतीत खोली करून राहत होतो, तेव्हा मेसचे निम्मे पैसे व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचे. तिथल्या मशीनवरचं लाल बटण अजून माझ्या उजव्या बोटात आहे. दाबलं की 'टिच्' व्हायचं आणि समोरचा गडी आडवा. पुढे लग्न झालं, संत्रा लावला, संत्रा वाळला, पण बोटातला टिच् काही जाईना. म्हणून यंदा कापूस विकल्यावर ठरवलं, तसं मशीन घरीच बनवायचं. जुना कॉम्प्युटर होता, टीव्ही होता. राहिली फक्त बटणं. 'फक्त' हा शब्द मी तेव्हा खरंच वापरला होता.

बटणांत दोन घराणी असतात, हे मागवायला बसल्यावर कळलं. सान्वा, सेइमित्सू हे जपानी घराणं: ३० मिलिमीटरचं, बुटकं आणि इतकं हलकं की बोट नुसतं टेकलं तरी ठोसा बसतो. दुसरं अमेरिकी: २८ मिलिमीटरच्या भोकात बसणारं, लांब नळीचं, वरून खोलगट, बुडाला मायक्रोस्विच, दाबायला जड. १९९१ च्या स्ट्रीट फायटर दोन या मारामारीच्या गेमला सहा बटणं लागायची, म्हणून मी दोन्हींतली सहा-सहा मागवली होती. बायकोला आकडा तीनच सांगितला.

मिस्त्रीला म्हटलं, ३० मिलिमीटरची भोकं पाडा. तो म्हणाला, "मिलिमीटर नोका सांगू भाऊ, इंचात बोला." मी मोबाइलवर हिशेब करेपर्यंत त्यानं सव्वा इंचाची सहा भोकं पाडून ठेवली. सव्वा इंच म्हणजे पावणेबत्तीस मिलिमीटर. बटणं त्यात सैल कवळीसारखी हलायला लागली. त्यात या बटणांचे कान पातळ पत्र्यासाठी केलेले. पत्र्याच्या पलीकडे जाऊन ते फाकतात आणि धरून ठेवतात. माझा प्लाय होता १८ मिलिमीटरचा. त्याच्या पोटात कान फाकणार कसे? वायरी जोडायला फळी उलटी केली आणि सहाही बटणं माझ्या मांडीवर आली. लाकडाला मागून नट आवळायची बटणं घ्यायची असतात, हे कळलं तेव्हा पैसे देऊन झाले होते.

मग अमेरिकी बटणांसाठी दुसरी फळी आणली. या वेळी आकडा नीट काढून नेला. "एक इंच एक सूत," मी म्हणालो. मिस्त्रीचा चेहरा खुलला. "मंग पह्यलेच असं सांगाचं नं!"

मायक्रोस्विचला तीन पाय असतात. एका पायाला वायर कायमची, उरलेल्या दोनांपैकी एक दाबल्यावर जोडणारा, दुसरा दाबल्यावर तोडणारा. मी सहाही वायरी तोडणाऱ्याला लावल्या. गेम सुरू केला तर माझा पहिलवान आपणहून हवेत ठोसे मारायला लागला, आणि बटण दाबलं की गप्प उभा. बायको पोळ्या टाकता टाकता म्हणाली, "तुमच्यावानीच हाये. कामाले हात लावला का थांबते."

हे सगळं नीट झाल्यावर खरा त्रास सुरू झाला. बटण चालत होतं, पण ते *ते* बटण नव्हतं. जड लागत होतं. उघडलं तर आत एक स्प्रिंग, शिवाय मायक्रोस्विचचा स्वतःचा ताण वेगळा. स्प्रिंग काढून टाकली. बटण वर तर येत होतं, पण आता खुळखुळायला लागलं. बॉलपेनची स्प्रिंग घातली, तर अंगठा लावावा लागला. शेवटी मूळ स्प्रिंगचे दोन वेढे पक्कडीने कापले. सहा स्प्रिंगा, प्रत्येकीचे दोन वेढे, आणि त्यातली एक उडून कुटाराच्या ढिगात गेली ती गेलीच.

मग आवाज. दुपारी बाबा ओसरीवर झोपतात. सायकलच्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून टोपीखाली घातल्या. बटण तळाला आपटायचा ठोका गेला, टिच् मात्र तसाच. तो स्विचच्या आतल्या पातळ पत्तीचा. ठरावीक जागी आली की ती उलटते, तोच टिच्. मला हवा होता तोही तोच! एका चकतीचं रबर जाड निघालं, तर पत्ती उलटायच्या आधीच बटण तळाला टेकलं. मग ब्लेडनं रबर तासत बसलो. तासा, घाला, दाबा, काढा. रात्री अकरा वाजता एका बटणावर अमरावती लागली. अगदी तेच. पोराला बोलावून दाबायला दिलं. तो म्हणाला, "बाबा, बाकीचे पाच बी असेच तर हायेत."

१९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या मोठ्या मशीनला रबरी गाद्या होत्या. जेवढ्या जोरात हाणाल तेवढा जोराचा ठोसा. नंतर त्या काढून सहा बटणं दिली. बाबांना तसलं मशीन शोभलं असतं. त्यांचं बटण म्हणजे विहिरीवरच्या स्टार्टरचं हिरवं. शेताची लाइन रात्रीची असली की दोन वाजता उठून ते दाबायचं, आणि अंधारात कान देऊन उभं राहायचं.

त्या रात्री ते उठले तेव्हा मी अजून फळीपाशीच होतो. जवळ आले, बॅटरीचा उजेड टाकला आणि माझ्या अमरावतीवर पूर्ण वजन टाकून अंगठा दाबला. टिच्. अंगठा तसाच ठेवून त्यांनी विहिरीच्या दिशेला कान दिला. बराच वेळ.

"लागली नाई," म्हणाले, आणि चप्पल घालून शेताकडे गेले.