‘का?’ नंतर विचारा, ‘किती दिवस?’ आधी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यावरून वाद पेटला. पोरगा चार वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, तिसऱ्या वेळी पूर्वही निघाली नाही. दिवाळीला सांगलीला घरी आला तो परत गेलाच नाही. काकांनी लिहिलं, “आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, कामं होती.” धाकट्या चुलतबहिणीनं लगेच उत्तर दिलं, “त्याला डिप्रेशनच आहे, थेरपीला न्या.” वहिनी म्हणाली, “चार वर्षं घालवून हाती काही आलं नाही, वाईट वाटणारच ना?” मग कुणीतरी विचारलं, “आता काय येरवड्याला न्यायचं का त्याला?” त्यानंतर ग्रुप दोन दिवस गप्प.

इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. सगळे भांडत होते ते कारणावरून. काकांना कारण किरकोळ वाटत होतं, वहिनीला ते इतकं रास्त वाटत होतं की आजाराचा प्रश्नच नाही. तो जेवतो किती, झोपतो केव्हा, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

मी दोन्ही वाटांनी गेले आहे, कारण असलेल्या दुःखाच्या आणि कारण नसलेल्या आजाराच्याही. आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी सांगलीला पोचले. परत आल्यावर कित्येक महिने दुकानात मेथीची जुडी दिसली तरी डोळे भरून यायचे. पण त्याच काळात, आई भाजीवाल्याशी कशी घासाघीस करायची याची वहिनीनं फोनवर नक्कल केली की मी खळखळून हसायचे. लेक कुशीत शिरली की बरं वाटायचं. भूक लागायची. दुःख लाटेसारखं यायचं, ओसरायचं, पुन्हा यायचं.

तीन वर्षांनी, एका नोव्हेंबरात, जे आलं ते असं नव्हतं. काहीही घडलेलं नव्हतं. नोकरी नीट, घर नीट. इथे डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, पण तसे हिवाळे मी आधी बरेच काढले होते. सकाळी आलं घालून चहा करायचे आणि कप खिडकीत ठेवून विसरायचे. एका संध्याकाळी नवऱ्यानं साय धरलेले तीन कप उचलून मोरीत ओतले. आंघोळीला उठणं डोंगराएवढं वाटायचं. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. लेकीला चित्रकलेत बक्षीस मिळालं, मी टाळ्या वाजवल्या, आत काहीच हललं नाही. आई गेली तेव्हा ती नाही याचं दुःख होतं. आता मीच सगळ्यांना ओझं झाले आहे, असं मनानं घेतलं होतं. रविवारी दादाचा फोन आला की तो मायेनंच विचारायचा, “अगं, तुला काय कमी आहे तिकडे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगायला कारण नाही म्हणून लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी मी दोन महिने गप्प राहिले.

शेवटी डॉक्टरकडे गेले, तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: कशात रस वाटतो का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयी काय वाटतं, मरणाचे विचार येतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. ‘का?’ असा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो कागद भरताना मी रडले, कारण पहिल्यांदाच मला कुणी कैफियत मागत नव्हतं.

नुसत्या गुणांवर निदान होत नाही, हेही खरं. आई गेल्यानंतरच्या महिन्यात भरला असता तरी माझे गुण बरेच आले असते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पर्यंत तशी सवलतच होती: जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करायचं नाही. ती काढून टाकली तेव्हा शोकालाही आजार ठरवताय, अशी टीका झाली. ती भीती मला पटते. पण सवलत काढली तेही मला बरोबरच वाटतं, कारण दुःखाला कारण आहे म्हणून त्याच्या आड आजार नसतोच असं नाही. वहिनीला मला हेच सांगायचं होतं.

म्हणून मी घरच्यांना विचारते ते एवढंच. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे किंवा जास्त असंच चाललंय का? आवडीची गोष्ट समोर आली तर क्षणभर तरी चेहरा उजळतो का? रोजचं काय काय सुटलं? उत्तरं वाईट असतील तर डॉक्टरकडे जायचं, आधी घरच्या डॉक्टरकडे गेलं तरी चालेल. माझं थायरॉइड आणि बी-१२ आधी तपासलं होतं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच मलूल होतो. गोळ्यांची धास्ती आपल्याकडे फार. इंग्लंडमधल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सौम्य नैराश्यात पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नयेत, आधी बोलण्याचे उपचार सुचवावेत. मला मात्र गोळ्या लागल्या. गुण यायला काही आठवडे गेले, आणि पुढे त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करत बंद झाल्या. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भारतात सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलता येतं.

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. तो कागद डॉक्टरच्या टेबलावर असतो, तिथवर आपल्याला आपल्या पायांनी जावं लागतं. माझे पडदे दोन महिने उघडले नाहीत, शेजारी कुणाच्या लक्षात आलं नाही. सांगलीत ताटात अर्धी भाकरी राहिली की वहिनीला त्याच दिवशी कळतं. घरात बघणारे एवढे डोळे असताना आपण ते कारण शोधण्यात दमवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, दादाला फोन केला. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “डॉक्टरला सांगू काय मी?” म्हटलं, “काय सुटलं आणि केव्हापासून, तेवढं सांग.” फोन चालू ठेवूनच तो स्वयंपाकघरात गेला, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, आणि जुन्या वर्षाचंही शोधून आणलं. पानांचा आवाज येत होता. वहिनी मागून सांगत होती: पाडव्याला आला. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गच्चीवर मित्रांशी तरी बोलायचा. मार्गशीर्षात ते थांबलं. संक्रांतीपासून रात्रीचं जेवण नाही. दादा दुधाच्या हिशेबाशेजारी एकेक लिहून घेत होता.

गुरुवारी अकराची वेळ मिळाली आहे. दादा सोबत जाणार आहे.