‘डबा सारखा ऑफलाइन जातो’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. जालन्याजवळच्या तुमच्या मोसंबीच्या बागेत विहिरीवर एक आणि शेततळ्यावर एक, असे आमचे दोन मोटार कंट्रोलर, म्हणजे मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे डबे, आहेत. तुमचं म्हणणं असं की दोन्ही डबे आलटून पालटून ऑफलाइन जातात, विहिरीचं बटण दाबलं तर शेततळ्याची मोटार सुरू होते, लाइट आल्यावर बराच वेळ अ‍ॅपवर काही दिसत नाही, आणि सर्टिफिकेटची (म्हणजे डब्याच्या इंटरनेटवरच्या ओळखपत्राची) फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तर आम्ही अडून बसतो. शेजाऱ्याच्या पोरानं त्यांच्या डब्यातली सर्टिफिकेटची तपासणीच बंद केली आणि तो मस्त चालतो, असंही लिहिलंय. हेच प्रश्न दुकानात बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर इथंच देतो.

आधी आलटून पालटूनचं. आम्ही तुम्हाला दोन मेमरी कार्डं दिली होती, एकावर ‘विहीर’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘शेततळं’. शेततळ्याचं कार्ड सापडेना म्हणून तुमच्या वायरमननं विहिरीचंच कार्ड पाळीपाळीनं दोन्ही डब्यांत घातलं, हे त्यांनीच फोनवर सांगितलं. कार्डावरची ओळख डब्यात उतरते. झालं असं की क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या सर्व्हरला डबे जोडलेले असतात त्याच्या दृष्टीनं दोन्ही डबे आता ‘विहीर’ आहेत. डबे आणि सर्व्हर ज्या पद्धतीनं बोलतात त्या एमक्यूटीटीचा नियमच आहे: त्याच क्लायंट आयडीचं (म्हणजे डब्याच्या नावाचं) नवं कनेक्शन आलं की सर्व्हर जुनं तोडतो. तुटलेला डबा परत जोडायला जातो आणि आता पहिल्याला बाहेर काढतो. एका सीटवर दोन रिझर्व्हेशनं झाल्यासारखं, रात्रभर उठबस चालू. आमच्याकडच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘डुप्लिकेट क्लायंट आयडी’ हे कारण ओळीनं आलेलं आहे, दुकानात या, दाखवतो. आणि ‘विहीर सुरू कर’ हा निरोप ज्या घडीला जो डबा जोडलेला असेल त्याला जातो. शेततळ्याची मोटार त्यामुळंच सुरू झाली. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. शेततळ्यात पाणी नसताना मोटार कोरडी चालली असती तर वायंडिंगचा खर्च तुमच्या गळ्यात पडला असता.

आता फाइलचं. आमचे डबे अ‍ॅमेझॉनच्या आयओटी कोअर या क्लाउड सेवेला जोडलेले आहेत. तिथं सर्टिफिकेट तयार करताना त्यासोबतची खासगी की (डब्याची गुप्त डिजिटल किल्ली) एकदाच डाउनलोड करता येते, नंतर अ‍ॅमेझॉनही ती देत नाही. ती आम्ही कार्डावर टाकतो आणि आमच्याकडची प्रत पुसतो. म्हणजे तुम्ही मागितलेली फाइल आमच्याकडं नाहीच. असती तरी पाठवली नसती. ज्याच्या हातात ती की, त्याला क्लाउड तुमचाच डबा समजतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरेल याचा नेम नाही. हरवलेल्या कार्डाचं सर्टिफिकेट आम्ही बंद केलंय. नवीन करून देण्याचे पैसे नाहीत. आखाड्यावर यायचे घेतो, ते पावतीवर वेगळे लिहिलेले असतात.

लाइट आल्यावरचा उशीर खरा आहे. डब्यातल्या घड्याळाला सेल नाही, त्यामुळं लाइट गेली की त्याची तारीख १ जानेवारी १९७० ला जाते. सर्व्हरचंही सर्टिफिकेट असतं आणि डबा ते तपासतो; त्या तारखेला त्याची मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून डबा ते नाकारतो. आधी राउटर सुरू व्हायचा, टॉवर पकडायचा, मग इंटरनेटवरून खरी वेळ यायची, तेव्हा कुठं कनेक्शन लागतं. शेतीची थ्री फेज येते कधी दिवसा, कधी रात्री, म्हणजे हे रोजचंच. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, बराच वेळ वाचेल. कुठून घ्यायचा तो घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही. आणि नेट नसलं तरी स्टार्टरचं हिरवं बटण चालतंच, गड्याला तेवढं सांगून ठेवा.

शेजाऱ्यांच्या डब्याबद्दल. तपासणी बंद केली की डबा लगेच जोडला जातो, हे बरोबर. तारखेचा प्रश्नच राहत नाही. पण मग समोर आपला सर्व्हर आहे की मध्ये बसलेला दुसरा कुणी, हे डबा विचारतच नाही. अशा ढिलाईनं काय होतं बघा: २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण कंपनीचा मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. तिथं नुसते कॅमेरे-राउटर होते, इथं थ्री फेजची मोटार आहे. तपासणी बंद करून द्या असं कितीही जण म्हणाले, तरी आम्ही देत नाही. त्यापायी गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तर जाऊ द्या.

तूर्त एवढं करा: शेततळ्याच्या डब्याची लाइट काढून ठेवा. विहिरीचा सुरळीत चालू लागेल आणि आंबिया बहाराचं पाणी अडणार नाही. शेततळ्याचा डबा सोडवून दुकानात आणा. त्यातली विहिरीची की पुसून नवं कार्ड तुमच्यासमोर घालून देतो. जुनं कार्ड सापडलं तर तेही आणा, त्यावर आता काही चालणार नाही.