खोट्या घाईचा धंदा बंद करा!

दुकानांच्या सवलतीच्या मेलमध्ये उलटं पळणारं घड्याळ: ‘फक्त २ तास ५९ मिनिटं शिल्लक!’ कसली शिल्लक? कालही एवढीच होती, परवाही एवढीच! बऱ्याचदा ते घड्याळ म्हणजे मेल उघडताक्षणी सर्व्हरने बनवून पाठवलेलं हलतं चित्र असतं. तुम्ही उघडाल तेव्हा तुमची मुदत सुरू! मग शून्य झाल्यावर काय होतं? काहीच नाही. संध्याकाळी नवा मेल: ‘खास तुमच्यासाठी मुदत वाढवली!’ कोणी मागितली होती? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, यादीत पहिलीच ‘खोटी घाई’. तरी दिवाळी आली की इनबॉक्सभर आकडे पळतायत! म्हातारी माणसं खरंच धास्तावून पैसे भरतात हो. सवलत खरी असेल तर सरळ शेवटची तारीख लिहा ना!