बोटांच्या ठशांत करिअर लिहिलेलं नसतं

शाळेच्या पालक गटावर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरून येतो. यंदा तो तीन पालकांनी टाकला. त्याचा गोषवारा असा: गर्भात ठसे आणि मेंदू एकाच वेळी तयार होतात, म्हणून दहा बोटांचे ठसे स्कॅन केले की मुलाची जन्मजात बुद्धी कळते, चाचणी हार्वर्डच्या सिद्धांतावर आधारलेली आणि ९५ टक्के अचूक आहे, वय तीन वर्षांपासून पुढे केव्हाही, आयुष्यात एकदाच करायची, आणि शासनसुद्धा दहावीला अशीच कल चाचणी घ्यायचं. या प्रकाराला डीएमआयटी (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) म्हणतात. फी काही हजारांत जाते.

मी नाशिक रोडला नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एप्रिलमध्ये नववीतल्या एका मुलाचे वडील असा रंगीत, जाडजूड रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. ते अंबडला एका कंपनीत फिटर आहेत. रिपोर्टात लिहिलं होतं, ‘तार्किक क्षमता कमी, तांत्रिक क्षेत्र टाळावे.’ ते म्हणाले, “मॅडम, त्याला आयटीआयला घालायचं मनात होतं. पण आता मशीनमध्येच दिसलं म्हटल्यावर काय करणार?” हाच मुलगा वर्गातला बंद पडलेला पंखा उघडून, कपॅसिटर बदलून चालू करतो. शेजारी उभं राहून मी ते पाहिलंय. वडिलांचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला आणि कागदावर बसला, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून त्या मेसेजमधला एकेक मुद्दा इथे घेते.

ठसे आणि मेंदू एकाच वेळी घडतात हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. त्या काळात मेंदूही वाढत असतो. पण नखंसुद्धा त्याच सुमारास आकार घेतात, आणि नखं पाहून कुणी गणिताची गती सांगत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीत दुसरी वाचता येत नाही. ठशाचा नमुना ठरताना अनुवंश असतोच, शिवाय बोटाच्या टोकावरच्या उंचवट्याचा आकार, त्वचेच्या थरांवरचा ताण, गर्भातली स्थिती असे बारीकसारीक योगायोगही असतात.

याचा सगळ्यात सोपा पुरावा एकसारखी दिसणारी जुळी भावंडं. त्यांचा अनुवंश जवळपास एकच असतो. बुद्धिमत्तेच्या आणि स्वभावाच्या चाचण्यांत ती सख्ख्या भावंडांपेक्षा एकमेकांच्या कितीतरी जवळ येतात. ठसे मात्र दोघांचे वेगळे. ठशातून बुद्धी कळत असती, तर बुद्धीत इतकी सारखी असणारी मुलं ठशात अशी वेगळी निघाली नसती. ठशाचा खरा उपयोग ओळख पटवण्याचा आहे. १८९७ साली कलकत्त्यात त्यासाठी ब्युरो निघाला, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे ठशांच्या वर्गीकरणावर मोलाचं काम केलं, आणि पोलीस आजही त्याच वाटेने जातात.

ठशांचा अभ्यास हे शास्त्र आहे, हे मान्य. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या तळव्यावर एकच आडवी रेषा दिसते, आणि डॉक्टर तिची नोंद घेतात. पण तिथून ‘हा वकील होईल’ इथवर कुठलाही पूल बांधलेला नाही. आमची आजी बोटांवरची चक्रं आणि शंख मोजून नशीब सांगायची. ती त्याचे पैसे घेत नव्हती आणि त्याला विज्ञानही म्हणत नव्हती.

हार्वर्डचा मुद्दा लवकर संपतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते अशी, मांडणी केली, त्यात बोटांच्या ठशांचा संबंध नाही. खुद्द त्या मांडणीवरही मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आणि आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरपणे सांगितलं आहे.

आता ते ९५ टक्के. कशाचे? किती मुलांचे ठसे घेतले, पुढे दहा वर्षांनी ती मुलं काय करतात हे कुणी पाहिलं, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. पालक मात्र मनापासून सांगतात, “मॅडम, अगदी आमचाच मुलगा लिहिलाय हो!” ते खोटं बोलत नाहीत. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. मुलांनी ते वर्णन किती जुळतं याला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. नंतर कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता. ‘बाहेरून शांत, पण आतून हळवा’, ‘क्षमता आहे, पण पूर्ण वापरली जात नाही’ ही वाक्यं कुणाला लागू पडत नाहीत? घरी दोन मुलांचे रिपोर्ट असतील तर नावं झाकून अदलाबदल करा आणि आजोबांना वाचायला द्या.

विकणारे आणखी एक सांगतात: कितीही वेळा स्कॅन करा, निकाल तोच येतो. येणारच, ठसे बदलत नाहीत. वजनकाटाही रोज तेच वजन दाखवतो, पण त्यावरून भाजीत मीठ किती आहे हे कळत नाही.

‘आयुष्यात एकदाच’ हा दावा मला सगळ्यात जास्त छळतो. तीन वर्षांच्या पोरावर शिक्का मारायचा आणि तो कधी पुसायचाच नाही! आपल्या जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळी गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये तो लष्करात गेला, आणि वल्हं हातात आलं ते त्यानंतर. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने होडी वल्हवण्याच्या शर्यतीत, उतरला आणि तेरावा आला. तळेगावात बसून त्याचा हा गुण कुठल्या स्कॅनरला दिसला असता? गुण असतात, पण ते दिसायला पाणी लागतं, होडी लागते, शिकवणारा लागतो. शिवाय मुलांची आवड वयात येताना बदलत राहते. सहावीत क्रिकेटशिवाय काही न सुचणारी मुलं दहावीत तासन्‌तास चित्रं काढताना मी पाहिली आहेत.

राहिली शासनाची कल चाचणी. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ती झाली. ती प्रश्नावली होती. मुलांनी स्वतः उत्तरं द्यायची, आणि त्यातून कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडे ओढा किती ते दिसायचं. कल म्हणजे आवड. अभिक्षमता म्हणजे शिकलं तर किती लवकर जमेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिक्षमता मोजायला मुलाला आकृत्या, संख्या, भाषा, यंत्रांची चित्रं अशी कोडी वेळ लावून सोडवायला देतात आणि त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतात. तरीही जाणकार समुपदेशक नुसत्या आकड्यावर थांबत नाही. तो मुलाशी आणि घरच्यांशी बोलतो, घरची परिस्थिती विचारतो, आणि ‘हेच कर’ न म्हणता तीन-चार वाटा समोर ठेवतो. समुपदेशकाकडे गेलात तर त्याचं मानसशास्त्रातलं शिक्षण विचारा, आणि ही चाचणी कुठल्या वयाच्या मुलांवर, कुठल्या भाषेत प्रमाणित केली आहे तेही विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी प्रश्न दिले तर मोजलं जातं ते त्याचं इंग्रजी.

त्या फिटर वडिलांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “रिपोर्ट कपाटात ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला तुमच्या हत्यारांच्या पेटीजवळ बसवा.” जूनमध्ये ते दोघं सातपूरची आयटीआय बघून आले. मुलाने तिथल्या निदेशकांना लेथबद्दल इतके प्रश्न विचारले की बाहेर पडायला दीड तास लागला, असं वडिलांनीच फोनवर सांगितलं.