क्लिप फिरवली म्हणून चाकू डावखुऱ्याचा होत नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही हातांनी वापरता येणारा, खिशाला परवडणारा घडीचा चाकू म्हणून मी गान्झो या चिनी कंपनीचा क्रॉसबार लॉकवाला (लॉक म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा) सुचवला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: खिशाला अडकवायची क्लिप मुठीच्या पलीकडे लावता आली की डावखुऱ्यांचं भागतं, बाकी सगळं उगाच कौतुक; हे लॉक म्हणजे चिनी नक्कल आणि स्प्रिंग नाजूक; शिवाय खिशात चाकू घेऊन हिंडणंच मुळात बेकायदा.

पहिला मुद्दा मला बिलकुल पटलेला नाही. चाकू कुठल्या खिशात अडकवायचा, एवढंच क्लिपवर ठरतं. खरी गोची होते ती चाकू मिटताना. स्वस्तातल्या कितीतरी चाकूंना लायनर लॉक असतं. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाशी अडते. उजव्या हाताचा अंगठा खाचेत घालून ती बाजूला ढकलायची आणि पातं मिटायचं. आता तोच चाकू डाव्या हातात घ्या. अंगठा पट्टीच्या उलट बाजूला आला. मग ढकलायला तर्जनी आत घालावी लागते आणि ती मिटणाऱ्या पात्याच्या वाटेतच येते. माझी मुलगी डावखुरी आहे. ती असा चाकू मिटायला लागली की पोटात गोळा येतो. क्लिप हवी तिथे लावा, पट्टी आहे तिथेच राहते.

क्रॉसबारमध्ये मुठीतून आरपार गेलेली आडवी दांडी असते. तिची टोकं दोन्ही बाजूंना जराशी बाहेर डोकावतात. ती चिमटीत धरून मागे ओढली की पातं सुटतं. हात कुठलाही असो, बोटं पात्याच्या वाटेबाहेर.

आणि हे फक्त डावखुऱ्यांसाठी नाही हो! उजव्या हाताने फांदी ओढून धरलीये, दोरी ताणलीये, गाडीवरचं सामान सावरलंय, तेव्हा चाकू कुठल्या हाताने काढणार?

नकलेबद्दल. हे लॉक बेंचमेड या अमेरिकी कंपनीने 1998 मध्ये ‘अ‍ॅक्सिस’ नावाने बाजारात आणलं. गान्झोचे असे चाकू पेटंट चालू असल्यापासून मिळत होते, त्यामुळे तुमची तेव्हाबद्दलची नाराजी रास्त आहे. आता पेटंटची मुदत संपलीये आणि बऱ्याच कंपन्या हीच रचना वापरतात. राहिली स्प्रिंग. ती तारेची, बारीक आणि कधी ना कधी तुटणारी, कबूल. पण त्या दोन असतात, दोन्ही अंगांना एकेक. एक गेली तरी दुसरीवर लॉक सहसा धरतं. दांडी एका बाजूने ढिली लागली की समजायचं. किनाऱ्यावरची बारीक वाळू आत गेली तर त्रास जास्त. गोड्या पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

तरीही स्प्रिंगची धास्ती वाटत असेल तर बॅक लॉक घ्या. मुठीच्या पाठीवर अंगठ्याने दाबायचं, उजवं-डावं काही नाही. बक कंपनीचा 110 हा 1964 पासून याच लॉकवर चाललाय. फक्त एका हाताने मिटायला तो जरा अवघड, आणि वजनदार. स्पायडर्को कंपनीच्या स्वस्त बर्ड मालिकेतही बॅक लॉक मिळतं. पात्याला आरपार भोक असल्याने उघडायलाही दोन्ही अंगठे चालतात.

कायद्याचं म्हणाल तर ‘मुळात बेकायदा’ हे जरा सरसकट झालं. शस्त्र नियम 2016 नुसार चाकू शस्त्रांच्या यादीत येतो तो पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर, आणि त्यातूनही घरगुती किंवा शेतीकामाचे वगळलेत. आपला चाकू चार इंचांच्याही आत. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो तेव्हा त्यात चाकूही येतो, लांबी न मोजता. सणासुदीला, निवडणुकीला हे आदेश निघतातच. अशा वेळी चाकू घरी ठेवा. विमानाच्या केबिन बॅगेत तर कधीच नको. कैऱ्या उतरवायला बागेत निघालेला माणूस आणि मिरवणुकीत तोच चाकू घेऊन शिरलेला माणूस यांत पोलीस फरक करणारच.

तर्जनी आत न घालता, एकट्या डाव्या हाताने लायनर लॉक मिटायची तुमची काही युक्ती असेल तर जरूर कळवा. मुलीला करून बघायला सांगतो.