खुलासा: जागच्या जागी असलेल्या खोक्यावर ४० न्यूटन घर्षण नसतं

अकरावीच्या मुलांच्या ग्रुपांवर दोन दिवस माझ्या हस्ताक्षरातलं एक पान फिरतंय: ‘घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, कधीही, कुठेही.’ (म्यू म्हणजे घर्षणांक, एन म्हणजे जमीन वस्तूला काटकोनात देते तो आधार, म्हणजे लंब बल.) पान माझंच आहे आणि चूकही माझीच. फोंड्याच्या शिकवणीत घाईत लिहिताना ‘कमाल’ हा शब्द राहून गेला.

१० किलोचं खोकं घ्या, स्थितिक (वस्तू हलण्याआधीचा) घर्षणांक ०.४, जी म्हणजे गुरुत्वत्वरण १० धरा. सपाट जमिनीवर एन म्हणजे खोक्याचं वजन, १०० न्यूटन; म्हणून म्यू एन येतं ४० न्यूटन. आता खोकं १५ न्यूटनने ढकला. घर्षण खरंच ४० असतं, तर उरलेल्या २५ न्यूटनने खोकं उलट तुमच्याच अंगावर आलं असतं! ते हलत नाही, म्हणजे घर्षण नेमकं १५. ढकललंच नाही, तर शून्य. ४० ही फक्त वरची मर्यादा.

काल पडवीत नारळांचा क्रेट तानकाट्याने (स्प्रिंगच्या काट्याने) ओढून पाहिला. काटा चढत गेला, क्रेट ढिम्म. मग एकदम सुटला आणि काटा झटकन खाली आला, कारण घसरतानाचं घर्षण सहसा त्या मर्यादेपेक्षा कमी असतं.

पानावरचं ‘घर्षण नेहमी गतीच्या उलट’ हेही अर्धवट. घर्षण विरोध करतं ते घसरण्याला. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर पाय मागे सटकतो, तेव्हा कळतं की एरवी आपल्याला पुढे नेणारं घर्षणच होतं.

परीक्षा तोंडावर आहे. कृपया ते पान पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलंत, त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.