शून्य मिनिटं, शून्य बजेट

सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे खऱ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले, आहेत म्हटलं की लोकांना वाटतं, त्यांच्यावरची आपत्तीही व्हर्च्युअलच असणार. त्यामुळे डिझास्टर रिकव्हरीचा, म्हणजे आपत्तीनंतर सगळं पुन्हा उभं करण्याचा, प्लॅन माझ्या गळ्यात घालताना साहेब सहज म्हणाले, "शुक्रवारपर्यंत द्या. दोन पानांचं तर काम आहे."

दोन पानं नाहीत, दोन प्रश्न आहेत, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल? आणि आरटीओ, म्हणजे किती वेळ सगळं बंद राहिलं तर चालेल? हे विचारत मी विभागोविभाग हिंडलो. अकाउंट्सच्या मॅडम 'गेला तर' ऐकूनच उभ्या राहिल्या.

"गेला तर म्हणजे? कुठे चाललाय?"

"समजा, मॅडम."

"असलं समजायचंच कशाला?"

शेवटी त्यांनी दोन्हीकडे शून्य भरलं. बाकीच्यांनी त्यांचं बघून शून्य भरलं. आपला सर्व्हर नेमका कोणता हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तर ठासून भरलं.

आता शून्य हवं तर दुसऱ्या जागी तसाच संच उभा करून प्रत्येक नोंद दोन्हीकडे उतरेपर्यंत थांबावं लागतं. दुसरी जागा लांब असली की सगळं रखडतं, आणि जवळ असली की एकाच पुरात दोन्ही जातात. मी खर्चाचा आकडा दाखवला. शून्याचे चार तास झाले, चार तासांचा दिवस झाला, आणि चहा येईपर्यंत मॅडम "सोमवारी मिळालं तरी चालेल" इथवर आल्या. इतकी घासाघीस मला बाजारात कधी जमलेली नाही.

"पण स्नॅपशॉट आहेत ना?" हे साहेबांचं हुकमी वाक्य. स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरची त्या क्षणी टिपून ठेवलेली स्थिती, आणि तो असतो मूळ सर्व्हरच्याच डिस्कच्या आधारावर. डिस्क गेली की तोही सती जातो. याला बॅकअप समजू नका आणि एकच स्नॅपशॉट 72 तासांहून जास्त वापरू नका, असं व्हर्च्युअल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारं खुद्द व्हीएमवेअर सांगतं. आमच्याकडे 'अपडेटच्या आधी, डिलीट करू नये' नावाचा एक होता. करणारा कधीच नोकरी सोडून गेला होता. अपडेट झालं की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. रेप्लिकेशनवरही, म्हणजे दुसरीकडे आपोआप उतरत राहणाऱ्या नकलेवरही, लोकांची अशीच भाबडी श्रद्धा. ते बिचारं आज्ञाधारक. इथे फाइल उडवली की तिथलीही तत्परतेने उडवतं.

धाक बसावा म्हणून मी खरे किस्से सांगितले. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि काही ग्राहकांचे बॅकअपही तिथेच जळाले. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप उघडले, तर रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेल नेमाने निघत होत्या, फक्त पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. यावर साहेब एवढंच म्हणाले, "आपल्याला येतात ना ईमेल?" येतात. साहेबांनी त्या ईमेलसाठी वेगळं फोल्डर केलंय. उघडत नाहीत, ते सोडा.

मग कोणता सर्व्हर आधी उठवायचा, याची यादी. डीएनएस (सर्व्हरांच्या नावांवरून पत्ते सांगणारा) आणि डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा) उठल्याशिवाय बाकीचे डोळे उघडत नाहीत. डोमेन कंट्रोलर होता बॅकअपमध्ये. बॅकअप सॉफ्टवेअरचं लॉगिन डोमेनचं. पासवर्डांची तिजोरी एका व्हर्च्युअल सर्व्हरवर, आणि मी लिहीत असलेला प्लॅन शेजारच्या सर्व्हरवर. "प्लॅन कागदावर छापून ठेवू," असं सुचवलं, तर उत्तर आलं, "अहो, आपण पेपरलेस झालोय!"

राहिली रंगीत तालीम. सर्व्हर बंद न करता करायची, अशी अट पडली. महिनाअखेर नको, महिन्याची सुरुवात नको, मधे ऑडिट. म्हणून ठरली टेबलावरची तालीम: सगळ्यांनी बसायचं आणि आपत्ती आली असं धरून चालायचं.

"समजा, सर्व्हर रूमला आग लागली," मी सुरुवात केली.

"लागलीच कशी?" देखभालवाले साहेब ताडकन म्हणाले. "आग विझवायचे सिलिंडर आत्ताच भरून घेतलेत. सर्टिफिकेट दाखवू?"

दाखवलं. ते हातोहात फिरलं. मॅडमनी तारीख तपासली, साहेबांनी मान डोलावली. इतिवृत्तात नोंद झाली: आग रद्द. पुढील बैठकीसाठी संबंधितांनी दुसरी आपत्ती सुचवावी.